दोन तास कुणाचे?

मे महिन्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील, ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच विद्यापीठात जाणारा विद्यार्थी, दिवाळीच्या सुटीत युरोप बघायला निघालेलं कुटुंब, तिकीट काढताना या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: मधल्या विमानतळावर दोन तास आहेत, पुरतील ना? ट्रॅव्हल एजंट म्हणतो, आरामात. ज्याचं कनेक्शन मागच्या वर्षी हुकलं तो म्हणतो, चार तासांखाली बघूच नका. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतात, आणि दोघांच्याही उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. प्रश्न पायांच्या वेगाचा आणि रांगेच्या लांबीचा आहे, असं गृहीत धरून तो विचारलेला असतो. पण रांग किती लांब असेल हे सहा महिने आधी कुणालाच सांगता येत नाही. सांगता येतं ते इतकंच, की कनेक्शन हुकलं तर पुढचा भुर्दंड कुणी सोसायचा. ते तिकीट काढतानाच ठरतं, आणि तिकीट काढणारा नेमकं तेवढंच बघायचं विसरतो. म्हणून मिनिटं मोजण्याआधी जोखीम कुणाच्या खात्यावर आहे ते पाहावं, असं मला वाटतं.

आधी एजंटच्या 'आरामात'चा आधार तपासू. विमान व्यवसायात 'मिनिमम कनेक्टिंग टाइम' म्हणून एक आकडा असतो. प्रत्येक विमानतळासाठी, तिथल्या टर्मिनलांच्या प्रत्येक जोडीसाठी, देशांतर्गत ते आंतरराष्ट्रीय किंवा उलट अशा प्रत्येक प्रकारासाठी तो वेगळा ठरवलेला असतो. त्याहून कमी वेळाची दोन उड्डाणं एका तिकिटावर जोडायला आरक्षणाची यंत्रणा नकार देते. व्हिएन्ना विमानतळ २५ मिनिटांत कनेक्शन होतं अशी फुशारकी मारतो, फ्रँकफर्ट ४५ मिनिटांची. हा आकडा अगदीच हवेतला नसतो. पण तो विक्रीची मर्यादा सांगतो, प्रवाशाची खात्री देत नाही. पहिलं विमान वेळेवर आलं, प्रवासी धडधाकट आहे, त्याला पाट्या वाचता येतात आणि दिवस नेहमीसारखा आहे, इतकं सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय कमी वेळाची जोडणी विकण्यात कंपनीचा स्वार्थही असतो. तिकिटांच्या पडद्यावर एकूण प्रवासाचा वेळ जितका कमी, तितकी ती ओळ वर येते, आणि खालच्या ओळींपर्यंत जाण्याइतका धीर फार थोड्यांना असतो. पडद्यावरच्या क्रमाचं महत्त्व विमान कंपन्यांना फार पूर्वीच कळलं होतं. संगणकावर स्वतःचीच उड्डाणं वर ठेवण्याची त्यांची खोड मोडायला अमेरिकन सरकारला १९८४ मध्ये नियम करावे लागले होते. ते नियम २००४ मध्ये उठले. पहिली ओळ मात्र आजही सोन्याच्या भावाची आहे.

त्यात 'दोन तास' ही सगळीकडे सारखी वस्तू नाही. दोहा, दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलणारा प्रवासी त्या देशात शिरतच नाही. सामानाची नि अंगाची पुन्हा एक तपासणी होते, बॅग विमानातून विमानात जाते आणि पासपोर्टावर शिक्का उमटत नाही. नागपूरहून दोहामार्गे लंडनला जाणाऱ्याला दोन तास खरोखर पुरतात. फ्रँकफर्टमार्गे रोमला जाणाऱ्याचं गणित निराळं. शेंगेन देशांच्या गटात पाय टाकला की पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, त्यामुळे रोमच्या प्रवाशाचा पासपोर्ट फ्रँकफर्टलाच तपासला जातो, बॅग मात्र थेट रोमला निघते. याच नियमामुळे मुंबई–फ्रँकफर्ट–पॅरिस–न्यूयॉर्क असं तिकीट स्वस्त दिसलं तरी त्याला शेंगेन व्हिसा लागतो, कारण फ्रँकफर्ट ते पॅरिस हा त्या गटाच्या आतला प्रवास झाला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं प्रवेश-निर्गमनाची नवी डिजिटल नोंदणी सुरू केली आणि पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. व्हिसावर जाणाऱ्या भारतीयाच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, म्हणून त्याचा फक्त चेहरा टिपला जातो. पण त्याच्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या अमेरिकन किंवा इंग्रज कुटुंबाचे ठसे पहिल्यांदाच घेतले जात असतील, तर त्यांची मिनिटं याच्याच दोन तासांतून वजा होतात.

अमेरिकेचा प्रकार सगळ्यात कडक. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून देशात न शिरता परस्पर दुसऱ्या आंतरराष्ट्रीय विमानात बसण्याची सोय तिथल्या विमानतळांवर जवळपास नाहीच. पूर्वी काही अटींवर व्हिसाशिवाय ट्रान्झिट करता येत असे. सुरक्षेच्या कारणावरून ती सवलत ऑगस्ट २००३ मध्ये स्थगित झाली आणि परत आली नाही. त्यामुळे शिकागोला उतरून क्लीव्हलंडला जायचं असो की मेक्सिकोला, इमिग्रेशन शिकागोलाच. तेवढ्यानं भागत नाही. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला शेवटच्या शहराची पट्टी लावलेली असली, तरी पहिल्या अमेरिकन विमानतळावर ती बॅग सरकत्या पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि पलीकडे पुन्हा सोपवायची असते. पहिल्यांदा जाणारे ज्येष्ठ नेमके इथे गडबडतात. 'बॅग थ्रू चेक्ड आहे' हे मुंबईत ऐकलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि ते पट्ट्यासमोरून तसेच पुढे निघून जातात.

शिकागोच्या ओहेअर विमानतळाचा हिशेब मांडू, कारण मध्य-पश्चिमेकडच्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे जाणारे पुष्कळ जण तिथेच उतरतात. परदेशी उड्डाणांचा इमिग्रेशन कक्ष टर्मिनल ५ मध्ये आहे. युनायटेडची देशांतर्गत विमानं प्रामुख्यानं टर्मिनल १ वरून सुटतात, अमेरिकनची टर्मिनल ३ वरून, आणि मध्ये विमानतळाची स्वतःची छोटी रेल्वे. तिकिटावर १२० मिनिटं लिहिलेली आहेत. पुढच्या विमानाचं दार सुटण्याच्या १५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे उरली १०५. तीनशे माणसांच्या विमानात मागच्या रांगेतून बाहेर पडायला १५ मिनिटं सहज जातात. इमिग्रेशनपर्यंतची चाल १० मिनिटांची धरा. आता ८० उरली. त्यांत रांग, अधिकाऱ्याचे प्रश्न, बॅग येण्याची वाट, ती पुन्हा सोपवणं, रेल्वे, नव्या टर्मिनलवरची सुरक्षा तपासणी (पुन्हा पट्टा-लॅपटॉपची कवायत आहेच) आणि गेटपर्यंतची धाव हे सारं बसवायचं. रांग २५ मिनिटांची निघाली तर बसतं. ७० मिनिटांची निघाली तर कितीही धावा, नाही बसत.

मग रांग किती असते? अमेरिकेचं सीमाशुल्क व सीमासुरक्षा खातं प्रत्येक मोठ्या विमानतळावरच्या प्रतीक्षेचे तासागणिक आकडे जाहीर करतं, सरासरी आणि कमाल दोन्ही. ते चाळले की सरासरीवर विसंबणं किती धोक्याचं आहे ते कळतं, कारण एकाच विमानतळावर एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या तासांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामागे वेळापत्रकाचं गणित आहे. मोठ्या हबवर विमानं लाटांनी येतात, कारण सगळ्यांनाच पुढच्या उड्डाणांच्या एकाच लाटेत आपले प्रवासी चढवायचे असतात. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांना बंदी आहे, त्यामुळे आशियातून रात्रभर उडत आलेली विमानं पहाटे पाचनंतर एकामागोमाग एक टेकतात. मुंबईची आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर खच्चून सुटतात, त्याचं एक कारण हीच पलीकडची पहाट. म्हणजे रांग योगायोगानं लांब होत नाही. कनेक्शन 'सोयीचं' करणारी तीच लाट रांगही उभी करते. त्यावर आणखी एक गोष्ट: विद्यार्थी, नोकरीच्या व्हिसावर जाणारा किंवा सहा महिने राहायला निघालेले आईबाबा यांच्यापैकी कुणालाही अधिकारी आतल्या खोलीत आणखी चौकशीसाठी बसवू शकतो. तसं झालं की सरासरी गेली उडत.

म्हणजे वेळ किती ठेवावा याला शंभर टक्के सुरक्षित उत्तर नाही. तीन तास ठेवले तरी पहिलं विमानच चार तास उशिरा येऊ शकतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागू लागलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं असतंच. म्हणून 'हुकेल का' याच्या बरोबरीनं 'हुकलं तर काय' हाही प्रश्न विचारावा लागतो, आणि तिथे तिकिटाचा प्रकार निर्णायक ठरतो. दोन्ही उड्डाणं एका तिकिटावर, एका पीएनआरमध्ये असतील आणि जोडणी कंपनीनंच विकलेली असेल, तर ती हुकल्यावर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी व्यवहारात कंपनीच पत्करते. विमानाला उशीर झाला नव्हता, केवळ इमिग्रेशनच्या रांगेत वेळ गेला, तरीही बहुधा नवं तिकीट काढावं लागत नाही. हॉटेल आणि जेवण मात्र दर वेळी मिळेलच असं नाही, कारण रांग सरकारची आहे असं कंपनी म्हणू शकते.

कायदाही एक तिकीट हा एकच प्रवास मानू लागला आहे. युरोपियन न्यायालयानं फेब्रुवारी २०१३ मध्ये फोल्कर्ट्स खटल्यात ठरवलं, की उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामावर. त्या प्रकरणात ब्रेमेनहून निघालेलं विमान तीन तासांहून कमी रखडलं होतं, पण पॅरिसचं आणि साओ पाउलोचं कनेक्शन हुकून प्रवासी पॅराग्वेत ११ तास उशिरा पोचली, आणि भरपाई मिळाली. हॅम्बर्गहून फ्रँकफर्टमार्गे एका बुकिंगवर मुंबईला परतणाऱ्यालाही हा नियम लागू पडतो: तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि असाधारण परिस्थिती नसली, तर ६०० युरोपर्यंत भरपाई. तेच हॅम्बर्ग–फ्रँकफर्ट वेगळ्या स्वस्त तिकिटावर काढलेलं असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं तो फ्रँकफर्टच्या गेटवर उशिरा आलेला प्रवासी, बाकी काही नाही.

आणि एका तिकिटातही जोखीम दिसते तितकी सारखी नसते. दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर येताना एक लोकल चुकली तर कुणी हळहळत नाही, चार मिनिटांत दुसरी येते. शिकागोहून डेट्रॉइटला दिवसाला कितीतरी विमानं आहेत, तिथे ९० मिनिटांचं कनेक्शन हुकलं तर संध्याकाळ गेली इतकंच. पण पुढचं विमान दिवसातलं एकमेव असेल, किंवा रात्रीचं शेवटचं, तर तोच ९० मिनिटांचा थांबा वेगळा ठरतो. रात्र विमानतळावर, गोळ्या बॅगेत, बॅग कुणाच्या ताब्यात माहीत नाही, आणि न्यायला आलेला मुलगा दीडशे मैलांवर. तिकीट काढताना थांब्याची मिनिटं सगळे वाचतात. त्यानंतरचं विमान किती वाजता आहे, हे वाचायला एक मिनिट लागतं, ते फार थोडे वाचतात.

आता वेगळ्या तिकिटांकडे. यावरचा आक्षेप रास्त आहे: दोन तिकिटं सुटी काढली तर कधीकधी माणशी वीस-पंचवीस हजार रुपये वाचतात, चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. मान्य. पण ती बचत प्रवाशानं स्वतःच उतरवलेल्या विम्याचा हप्ता असते, हे समजून ती करावी. दुसरं विमान हुकलं की त्या तिकिटावर प्रवासी 'नो-शो' ठरतो आणि बहुतेक भाड्यांत त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होतो. चौघांची नवी तिकिटं ऐन वेळी घेतल्यावर बचत कुठे जाते ते सांगायला नको. भारतीय पासपोर्टच्या बाबतीत तर अडचण पैशापलीकडची आहे. सुट्या तिकिटांवर मधल्या शहरात बॅग घ्यायची म्हणजे त्या देशात शिरायचं, आणि शिरायचं म्हणजे व्हिसा. फक्त हातातलं सामान नेऊन पुढचा बोर्डिंग पास मोबाइलवर घेतला तर हे टळतं, असं काही जण सांगतात. पण मुंबईच्या काउंटरवरचा कर्मचारी कागदपत्रं तपासतो ती त्याच्या कंपनीच्या तिकिटावर लिहिलेल्या शेवटच्या शहरासाठी. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड बसतो, म्हणून तो इथेच थांबवतो. असं कनेक्शन मुंबईतच हुकतं, मधल्या थांब्याला आठ तास ठेवलेले असले तरी.

आपल्याकडची सुटी तिकिटं तर लोकांना तिकिटंच वाटत नाहीत. कोल्हापूर, नागपूर किंवा गोव्याहून एका कंपनीनं मुंबईला यायचं आणि तिथून दुसऱ्या कंपनीनं परदेशी जायचं, हे सर्रास चालतं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची पुरेशी तयारी नसल्यानं इंडिगोची उड्डाणं कोलमडली, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक रद्द झाली. रद्द झालेल्या देशांतर्गत तिकिटाचे पैसे मिळाले तरी हुकलेल्या परदेशी विमानाशी त्या कंपनीला देणंघेणं नव्हतं. त्यात शहर तेच पण जागा वेगळी, हा घोळ वाढतो आहे. सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ यांच्यात रस्त्यानं चार-पाच किलोमीटर आणि मुंबईची वाहतूक. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, म्हणजे 'मुंबईला उतरून मुंबईहून सुटणं' यात आता खाडी ओलांडणंही येऊ शकतं. गोव्याला जानेवारी २०२३ पासून दाबोळी आणि मोपा अशी जोडी आहे, एकमेकांपासून बरीच दूर. परतताना तर बहुतेक वेळा इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स आणि बॅग पुन्हा सोपवणं हे सगळं पहिल्या भारतीय विमानतळावरच करावं लागतं, अमेरिकेसारखंच. पुण्याहून टॅक्सीनं सहारला येणारा तर बोरघाटाशी सुटं तिकीट काढूनच निघालेला असतो, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. रांगाच आटत चालल्या आहेत, मग इतकी काळजी कशाला? यात तथ्य आहे. भारतानं जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू केलेली जलद इमिग्रेशनची योजना जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक आधी नोंदणी करून ई-गेटमधून जाऊ शकतात, आणि त्यासाठी अर्ज न करणं हा निव्वळ आळस आहे. अमेरिकेची 'ग्लोबल एंट्री' २०१७ पासून भारतीयांना खुली आहे, पाच वर्षांसाठी १२० डॉलर, पण पार्श्वभूमीची तपासणी आणि मुलाखत यांत महिने जातात. वर्षातून तीनदा जाणाऱ्याला ती वरदान आहे, तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आजींना नाही. २०२५ मध्ये लंडनहून डॅलसला येणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रवाशांना बॅग उचलण्यातून आणि पुन्हा तपासणीतून सूट मिळू लागली. पण अशी सूट मोजक्या मार्गांपुरतीच आहे.

अबुधाबीची सोय जास्त कामाची आहे. जानेवारी २०१४ पासून तिथेच अमेरिकन अधिकारी बसतात, विमानात चढण्याआधीच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं, आणि न्यूयॉर्क-शिकागोला माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो, बॅग पुढे परस्पर जाते. पण रांग तिथेही आहेच, फक्त अलीकडे सरकलेली. मुंबईहून विमान उशिरा निघालं तरी त्या रांगेत अबुधाबीच्या थांब्यातच उभं राहावं लागतं, आणि तिथे हुकलेलं विमान बऱ्याचदा दिवसातून एकदाच जाणारं असतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. लांब थांबा म्हणजे सत्तरीच्या माणसाला सहा-सात तास कडक खुर्चीवर बसवणं, पाय सुजणं, खाण्याचे हाल. काळजीपोटी मुलं आठ तासांचा थांबा निवडतात आणि आईवडिलांना शिक्षा होते. अनेक घरांनी यावर व्हीलचेअरचा तोडगा काढला आहे, चालता येत असलं तरी. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या खुर्चीबरोबर वाट दाखवणारा आणि इंग्रजी प्रश्न समजावणारा माणूस येतो, आणि खरी गरज त्याचीच असते. पण भारतातून आलेल्या एका विमानातून डझनावारी खुर्च्यांची मागणी असते तेव्हा माणसं कमी पडतात, आणि रांगेत वाचलेला वेळ विमानाच्या दारात खुर्चीची वाट बघण्यात जातो. अशा प्रवाशासाठी दोन्ही टोकं टाळून एका तिकिटावरचे साडेतीन-चार तास, आणि मागून त्याच दिवशी आणखी एखादं विमान असलेला मार्ग, हे माझ्या मते बरं. एकच उड्डाण परवडत असेल तर प्रश्नच मिटला, पण ते परवडत असतं तर हा लेख वाचायची गरजच नव्हती.

राहता राहिला तो युक्तिवाद, की प्रौढ माणसानं आपली जोखीम आपण ओळखून घ्यावी. ओळखायला माहिती लागते. देशांतर्गत उड्डाणं किती वेळा वेळेवर पोचतात, हे अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना १९८७ च्या नियमापासून जाहीर करावं लागतं. कनेक्शनबद्दल तसं काही प्रवाशाला दिसत नाही. अमुक विमानातून उतरून तमुक विमान गाठणाऱ्यांपैकी गेल्या मे महिन्यात कितीजणांचं हुकलं, हा आकडा कंपनीच्या संगणकात असतो. २०१९ पासून युनायटेड कोणत्या प्रवाशांसाठी विमान काही मिनिटं थांबवायचं ते संगणकाकडून ठरवून घेते, ते अशाच माहितीवर. तोच आकडा भाड्याशेजारी, पुढच्या विमानाच्या वेळेसह छापता येईल. रांग आमच्या हातात नाही, असं कंपन्या म्हणतील. रांग नसेलही. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकताना किती प्रवासी गेटवर पोचणारच नाहीत, याचा अंदाज मात्र त्या रोज बांधतात, आणि त्यात कनेक्शन हुकणारे धरलेले असतात.